पकडणाराच आरोपी

बलात्काराचा खटला चालू असता पळालेल्या आणि कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १२४ वर्षांची शिक्षा ठोठावलेल्या अँड्र्यू लस्टरला जून २००३ मध्ये मेक्सिकोत गाठले ते पोलिसांनी नव्हे, तर बक्षिसासाठी फरारींचा माग काढणाऱ्या ड्वेन चॅपमन या अमेरिकनाने. मेक्सिकोचा कायदा हा धंदा मानीत नाही. चॅपमनवर बेकायदा डांबल्याचा आरोप आला आणि जामिनावर सुटताच तो मायदेशी निघून गेला. मेक्सिकोने प्रत्यार्पण मागितल्यावर सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेनेच त्याला हवाईत अटक केली.

नराधमाला पकडणाऱ्यालाच बेड्या का, असे कोणी विचारील. आमच्या मते पकडला कोण हा प्रश्न गौण आहे. कोणाच्या भूमीवर आणि कोणत्या अधिकाराने पकडला, हाच मुख्य.

८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांना फ्रेंच शिपायाने पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. १९११ मध्ये हेगच्या लवादाने त्या अटकेतील अनियमितता मान्य केली. तरीही त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निवाडा दिला. सावरकर आणि लस्टर यांची तुलना होऊच शकत नाही. परंतु ज्यांच्या मनात त्या निवाड्याचा सल आहे, त्यांनी तरी माणूस नीच आहे म्हणून परक्या भूमीचा कायदा तुडविण्यास संमती देऊ नये.

२००७ मध्ये मुदत उलटल्याच्या कारणावरून मेक्सिकोतील न्यायालयाने खटला निकालात काढला. चॅपमन सुटला, मूळ प्रश्न अनिर्णित राहिला. आज गुन्हेगारावर लागलेले बक्षीस उद्या एखाद्या देशभक्तावर लागेल, तेव्हा त्याला आसरा याच सीमेचा असेल.