वहीत नसलेला रकाना

सप्टेंबर २०२३ मध्ये मेलबर्नहून भाच्याचा फोन आला. तिथल्या फुटबॉलचं त्याला आता भलतंच वेड लागलंय. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्स. लांबट चेंडू, अंडाकृती मैदान, एकेका बाजूला अठरा गडी आणि पळत्याला कवटाळून खाली पाडायची मुभा. कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डनं मेलबर्न संघाच्या अँगस ब्रेशॉची किक अडवायला उडी घेतली आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागच्या जागी बेशुद्ध. मेनार्डला शिक्षा व्हावी की नाही, यावर अख्खं शहर भांडत होतं. सगळं सांगून झाल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, कबड्डीत चुकीची पकड केली तर किती सामने घरी बसवतात?"

मी म्हटलं, "दोन मिनिटं."

तो हसत सुटला. मला मात्र हसू आलं नाही. वीसेक वर्षं मी वेसाव्यात आणि अंधेरीच्या आजूबाजूच्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून टेबलामागे बसलो आहे. सरकारदरबारी आणि मेट्रोच्या पाटीवर वर्सोवा असलं तरी आमच्या तोंडी वेसावंच. फोन ठेवला आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढल्या.

वह्या साध्या, दोनशे पानी. स्पर्धेचा छापील तक्ता मंडळाकडे जमा व्हायचा, माझी वही माझ्यापुरती. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. चढाईचे गुण, पकडीचे गुण, बोनस, लोण. बाद झालेल्याच्या क्रमांकावर काट, उठला की पुन्हा गोल. सामने थंडीच्या दिवसांत, रात्री, हॅलोजनच्या उजेडात. वाऱ्याची दिशा बदलली की वलांडीवरच्या बोंबलांचा वास थेट मैदानात यायचा आणि बाहेरगावचे संघ नाकाला रुमाल लावायचे. मैदान मातीचं. आदल्या दिवशी पाणी मारून, चोपून, चुन्यानं आखलेलं. तरी तिसऱ्या सामन्यापर्यंत मध्यरेषेजवळ खड्डा पडायचाच.

वह्या चाळताना लक्षात आलं की त्यांत सगळं आहे, फक्त माणसाला काय झालं ते नाही. एका पानावर आमच्या डाव्या कोपऱ्याचा क्रमांक सामन्याच्या मध्येच गायब होतो आणि पुढे कुठेच येत नाही. त्याचं काय झालं होतं ते मला आठवतं, म्हणून मी सांगू शकतो: गुडघा. वहीला ते ठाऊक नाही.

मातीवरची दुखापत दिसणारी असायची. कोपर सोललं, गुडघ्याची साल निघाली, वर हळद दाबली, झालं. आया घरी बोंब मारायच्या तेवढंच. आत काय तुटलं, याची चौकशी सहसा होत नसे. पाय मुरगळला की चोळणारा एक म्हातारा होता, तो पायाचा आणि पाठीचा एकच इलाज करायचा. त्यातही गोम अशी की दुखापत लपवण्यातच शहाणपण होतं. त्या काळी कबड्डीत नाव काढणाऱ्याला रेल्वे, पोलीस, बँक, तेल कंपनी अशा कुठल्यातरी संघात नोकरी लागायची. चाचणीच्या आधी लंगडताना कोण दिसेल?

नियम नव्हते असं नाही. कबड्डीचं नियमपुस्तक महाराष्ट्राच्याच मातीत वाढलं. हुतूतूच्या गावोगावच्या चाली एका सूत्रात बांधायची खटपट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं अखिल भारतीय सामने भरवले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं प्रात्यक्षिकं दाखवली. पुढे बुवा साळवींनी आयुष्य या खेळाला वाहिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो.

या मंडळींनी कशाची काळजी केली ते बघण्यासारखं आहे. त्यांनी सगळ्यात आधी राखला तो दम. पकडणाऱ्यानं चढाई करणाऱ्याचं तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही. कैची घालायची नाही, इजा होईल अशी पकड करायची नाही. हातपाय आणि धड सोडून दुसरीकडे धरायचं नाही, म्हणजे केस आणि कपडे आपोआप सुटले. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, तेल चोपडायचं नाही. (नखांची तपासणी आमच्याकडे फार गमतीची व्हायची. पहाटे बंदरावर मासळी निवडून आलेल्या पोरांची नखं कापलेली असली तरी पंच हात नाकाजवळ न्यायला तयार नसत.) आणि हे मोडलं तर? चढाई करणारा बाद नाही. बस्स. दंड गुणात. ज्यानं गळा आवळला त्याची पकड फुकट गेली, हीच शिक्षा. दम सुटावा तर तो आपणहून, कुणी सोडवायचा नाही, एवढ्या एका न्यायाभोवती पुस्तक रचलेलं होतं. त्या काळाच्या मानानं ते फार समंजस होतं असं मी आजही म्हणेन.

वजनाची अट ही खरी सुरक्षेची अट, पण तिला तसं कुणी म्हणत नाही. पुरुषांना ८५ किलो, लहान गटांना त्याहून कमी. वजनकाट्याच्या आदल्या दिवशी उपाशी राहणारी, अंगात रेनकोट घालून चौपाटीवर धावणारी पोरं मी पाहिली आहेत. थुंकून वजन कमी होतं अशीही एक समजूत होती. काट्यावरून उतरले की वडापाववर तुटून पडायचे आणि संध्याकाळी तशाच रिकाम्या-भरल्या पोटानं खेळायचे. माणसाला जपायला केलेली अट माणसाला अशी पिळून काढते.

मग मॅट आली. आशियाई स्पर्धांच्या वाटेनं आली आणि महाराष्ट्र तिच्याकडे बराच काळ रुसल्यासारखा बघत राहिला. मातीवर पाय घसरतो, म्हणजेच सुटतो. मॅटवर बुटाचा तळ चिकटून बसतो, वरचं अंग फिरतं आणि मधल्यामध्ये गुडघा सापडतो. साल निघायची बंद झाली आणि आतले बंध तुटायला लागले. एमआरआय, लिगामेंट, एसीएल हे शब्द कोळीवाड्यातल्या पोरांच्या तोंडी आले ते मॅटबरोबर.

२०१४ चा पावसाळा आमच्या भागाला विसरता येणार नाही. ८ जूनला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि २६ जुलैला वरळीत प्रो कबड्डी लीग. पहिल्याच सामन्यात मुंबईचा संघ, यू मुम्बा. मासेमारी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, त्यामुळे पोरांना वेळच वेळ. कालपर्यंत आमच्यासारख्या मैदानांवर खेळणारा रिशांक देवाडिगा टीव्हीवर दिसत होता. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्रानं अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा वेसाव्यात फटाके वाजले.

२०१४ च्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं दहीहंडीच्या गोविंदांसाठी अठरा वर्षांची आणि वीस फुटांची अट घातली होती. चौथ्या थरावर चढणारी आणि डाव्या कोपऱ्यात खेळणारी पोरं आमच्याकडे पुष्कळदा एकच. त्यामुळे एकाच पोराच्या हाडांची एका ठिकाणी न्यायालयात चर्चा चाललेली आणि दुसऱ्या ठिकाणी जाहिरात. गोविंदांचं पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१७ मध्ये वय चौदावर आलं, उंचीची मर्यादा गेली. निकाल पटो न पटो, वाद तरी झाला. कबड्डीच्या पकडीसाठी कुणी याचिका केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

लीगनं खेळ वेगवान केला. पूर्वी दम असेपर्यंत चढाई, आता तीस सेकंद. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण आणला नाही तर बाद. आणि अव्वल पकड: मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एक गुण जादा. बघायला बहार येते, मीही खुर्चीवरून उठतो. पण वहीच्या बाजूनं विचार केला तर याचा अर्थ काय? सहा-सात जण मिळून साखळीनं करायची ती पकड आता एकट्यानं करण्यात जास्त फायदा. आणि एकट्यानं करायची पकड म्हणजे घोटा.

घोट्याची पकड ज्यानं जवळून पाहिली नाही त्याला तिचं भय कळायचं नाही. चढाई करणारा बोनस रेषेवर पाय टाकतो, कोपऱ्यातला सूर मारतो, दोन्ही हातांनी घोटा धरून पोटाशी ओढतो. या क्षणी त्याचं डोकं कुठे असतं? समोरच्याच्या गुडघ्याच्या रेषेत. सुटण्यासाठी तो गुडघा झटकला जाणारच. इराणचा फझल अत्राचली यात बादशहा. आमच्या यू मुम्बाकडून खेळला, कप्तान झाला, लीगमध्ये पकडींचे पाचशे गुण ओलांडणारा पहिला ठरला. त्याचं बघून आमच्या गल्लीतली बारा वर्षांची पोरं वाळूत सूर मारायला शिकली. फझलची मान, खांदा, वेळेचा अंदाज कुठून आणणार?

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे गुडघ्याखाली धरलं तर फाउल. पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. तिथली भीती उलटी आहे. तिथं पकडलेल्या माणसाचं डोकं धोक्यात असतं: दोन्ही हात जखडून, फिरवून जमिनीवर आपटलं की हात टेकायला मोकळे नसतात. म्हणून तिथं पकडणाऱ्याला कैक सामने बाहेर बसवतात. धडक मुद्दाम की निष्काळजीपणानं, आघात किती जोराचा, डोक्याला की अंगाला, असं मोजून शिक्षा ठरते. आपल्याकडे घोट्याच्या पकडीत डोकं फुटतं ते पकडणाऱ्याचं. शिक्षा करणार कुणाला? गुडघ्याला?

कार्डं आली. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. गावपातळीवर ती जास्त निघतात पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल. वह्यांच्या समासात मी पिवळ्याची खूण करून ठेवलीय. त्यांतली खऱ्या हाणामारीच्या पकडीसाठी निघालेली कार्डं हाताच्या बोटांवर मोजता येतील. तोंडाळपणाला शिक्षा करणं सोपं, पंचाला ते ऐकू येतं. छातीवर पडलेला गुडघा पाच जणांच्या ढिगाखाली असतो.

जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात एका स्थानिक सामन्यात अशाच झटापटीत चढाई करणारा तरुण कोसळला, तो उठला नाही. चित्रफीत आमच्याही फोनवर आली. दोन दिवस पोरं गप्प होती, तिसऱ्या दिवशी सराव सुरू.

जे परतले त्यांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो. अभिलाषा म्हात्रे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून उठली, २०१२ च्या पाटण्यातल्या विश्वविजेत्या संघात खेळली, २०१५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना विकला गेला, पुढे खांद्यानं त्याला मैदानाबाहेर बसवलं. तो पुन्हा उभा राहिला. मोठ्या संघांना आता फिजिओ असतो, डॉक्टर असतो. आमच्या मैदानावर असते बर्फाची लादी, तीही बंदरावरून आलेली.

ऑस्ट्रेलियातले लोक फार कनवाळू म्हणून कडक झाले, असं भाच्यालाही वाटत नाही. तिथं मेलेल्या खेळाडूंचे मेंदू तपासले गेले. पॉली फार्मर हा त्यांचा दंतकथा झालेला खेळाडू २०१९ मध्ये गेला. त्याच्या मेंदूत डोक्यावरच्या वारंवार धक्क्यांनी होणारा सीटीई नावाचा ऱ्हास सापडला. मग डॅनी फ्रॉली, शेन टक, आणि महिला लीगमध्ये खेळलेली हेदर अँडरसन. कुणीतरी वहीत तो रकाना आखला, आणि आखल्यावर तो भरायला लागला. २०२१ पासून डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस खेळता येत नाही.

मेनार्ड अखेर निर्दोष सुटला आणि त्याच महिन्यात त्याचा संघ अजिंक्य ठरला. ब्रेशॉनं फेब्रुवारी २०२४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं खेळ सोडला. त्या धडकेनंतर नियम बदलला: किक अडवायला जमीन सोडून उडी मारली आणि समोरच्याला धडक बसली, तर जबाबदारी सहसा उडी मारणाऱ्याची. तिथले जुने प्रेक्षक म्हणतात, खेळ बायकी झाला. हे वाक्य मी इथंही ऐकलंय, पहिली मॅट आली तेव्हा, अगदी याच शब्दांत. महिलांची कबड्डी जवळून बघितलेला माणूस ते उच्चारणार नाही.

मागच्या थंडीत एका स्पर्धेला बसलो होतो. उपांत्य सामना, शेवटची चार मिनिटं, आमचे तीनच जण उरलेले. कोपऱ्यातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं सूर मारला, घोटा धरला, गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. घोटा त्यानं सोडला नाही. शिट्टी झाली. पोरगं उठलं आणि चुकीच्या बाजूला चालायला लागलं, समोरच्या संघाच्या बाकाकडे. प्रेक्षक हसले. पंचांनी त्याला खांद्याला धरून वळवलं, कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. "खेळणार ना?" त्यानं मान हलवली.

माझ्यासमोर वही उघडी होती. अव्वल पकड. मी दोन गुण लिहिले. मग समासात पेन्सिलीनं त्याचा क्रमांक लिहिला, पुढे 'डोकं' असं लिहिलं आणि वेळ टाकली: रात्री ११.२०.