स्वाक्षरीची किंमत

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावर एक प्रवासी चक्क मोर घेऊन आला. हा पक्षी भावनिक आधार देतो, म्हणून त्याला विमानात सोबत नेऊ द्यावे, अशी त्याची मागणी होती. विमान कंपनीने नकार दिला. प्रसंग हसण्यासारखा असला, तरी त्यामागील प्रश्न गंभीर होता.

अपंग प्रवाशांना भेदभावाची वागणूक मिळू नये, यासाठी अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार मानसोपचार तज्ज्ञाचे पत्र दाखविल्यास भावनिक आधाराचा प्राणीही विनाशुल्क नेता येई. एरवी पाळीव प्राण्यासाठी त्या काळी शंभर डॉलरांच्या आसपास शुल्क पडे. साहजिकच ते वाचविण्यासाठी इंटरनेटवर अशी पत्रे विकत मिळू लागली. शिक्षण न मिळालेले प्राणी विमानात शिरले. काहींनी प्रवाशांना चावे घेतले. अंधांच्या खऱ्या मार्गदर्शक कुत्र्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

अखेर अमेरिकेच्या परिवहन विभागाचा नवा नियम ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आता अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम करण्याचे शिक्षण मिळालेला कुत्राच सेवा-प्राणी मानला जातो. अंधाला वाट दाखविणे हे जसे काम, तसेच मानसिक विकाराने ग्रस्त व्यक्तीला तीव्र भीतीच्या झटक्यातून सावरणे हेही काम होय. मात्र केवळ सोबतीने दिलासा देणाऱ्या प्राण्याला विमान कंपनी पाळीव प्राणी मानून शुल्क आकारू शकते. सेवा-श्वानाला शुल्क नाही, आणि केवळ जातीवरून त्याला नाकारताही येत नाही. त्याला पट्टा हवा आणि तो प्रवाशाच्या पायांजवळील जागेत मावला पाहिजे.

कुत्र्याचे आरोग्य, वर्तन आणि शिक्षण यांविषयी कंपनी परिवहन विभागाचा विहित अर्ज मागू शकते. आठ तास किंवा त्याहून अधिक काळाच्या उड्डाणासाठी मलमूत्राच्या व्यवस्थेविषयी वेगळे निवेदनही मागता येते. या अर्जांवर प्रवासी स्वतःच सही करतो; मात्र जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा ठरतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांच्या घरी कुत्रा असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी हा भेद त्यांनी नीट समजून घ्यावा. एक हुंडी खोटी ठरली की साऱ्या पेठेची पत खालावते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. शुल्क वाचविण्यासाठी केलेल्या खोट्या सहीचा भुर्दंड शेवटी एखाद्या अंध प्रवाशाला भरावा लागतो.