उत्तर आजोबांचं, आवाज आजींचा

थेरपिस्ट पडद्यावर चमचा धरते. "हे काय?" आजोबा ओठ जुळवतात, अडतात. तेवढ्यात शेजारून आजी म्हणून टाकतात, "अहो, चमचा!"

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांच्या व्हिडिओ-उपचारात हे हमखास घडतं. पुष्कळदा शब्द पुसला गेलेला नसतो. बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यानं तो ओठांपर्यंत पोचत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण जवळजवळ 'टॅन' एवढंच बोले, पण त्याला समजत बरंच होतं. आजोबांनाही समजत असतं, आजींनी घाई केली तेसुद्धा! म्हणून शेजारच्यानं मनात दहापर्यंत मोजावं. तरीही अडलंच तर फक्त पहिला आवाज द्यावा: "च...". तो शोध रुग्णानं स्वतः घेणं, हाच तर व्यायाम.

बाकी तयारी साधी. टीव्ही, मिक्सर बंद. मोबाइल डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर. पाठीमागे खिडकी नको. चेहरा काळा पडला तर थेरपिस्टला ओठांची हालचाल कशी दिसणार? जेवताना ठसका लागतो का, दुपारी दमणूक होते का, हे मात्र घरच्यांनीच सांगायचं, तेही रुग्णाला संभाषणात धरून.

गंमत म्हणजे 'पाणी' म्हणताना अडणारा माणूस कधीकधी पाठ असलेली आरती सुरात म्हणतो. पाठांतर आणि सूर यांच्या वाटा मेंदूत थोड्या वेगळ्या असतात. त्यावर बेतलेली सुरांची उपचारपद्धती १९७३ पासून वापरात आहे. तिथे मात्र आजींनी खुशाल साथ द्यावी, टाळ्यांसकट.