संघ लावा, पण पैसे लावू नका

आयपीएल आली की आमच्या माजलगावात पोरे मोबाईलवर 'टीम लावायला' बसत. आम्ही पडलो कारकून; हिशेब दिसला की डोकावतो. अकरा खेळाडू शंभर क्रेडिटमध्ये बसवायचे. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. सगळे महागडे फलंदाज घेतले, तर गोलंदाजांसाठी क्रेडिट उरत नाही. म्हणजे घरखर्चच की!

अमेरिकेत १९८० साली लेखक डॅनियल ओक्रेंट यांनी मित्रांसह बेसबॉलचा असाच खेळ रचला. तिथे संघ हंगामभर सांभाळावा लागतो. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घ्यावा लागतो. आपल्याकडे ड्रीम इलेव्हन ही मुंबईची कंपनी २००८ साली निघाली. पुढे अशा खेळांत प्रवेश फी आली. जमलेल्या फीमधून चालवणारा आधी आपला वाटा काढी, उरलेल्यातून बक्षिसे. म्हणजे सगळे खेळणारे मिळून तोट्यातच!

आमच्या पुतण्यालाही कुठल्याशा अ‍ॅपचा नाद लागला होता. आम्ही त्याच्याच हाताने वहीत जमा-नावे लिहून घेतले. बेरीज पाहून तो गप्प झाला. मजुरीचे पैसे होते ते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण चोरवाटा असतातच. म्हणून पालकांनो, पोरांवर नुसते ओरडू नका. आम्ही आता घरीच वहीवर संघ लावतो. मुलगी गुण मांडते, हरणारा चहा करतो. पुतण्या हटकून येतो. डोके चालते, खिसा शाबूत राहतो.