मोठीं राष्ट्रकार्यें आणि कोयनेचा जमाखर्च

अंदाजपत्रकाचा दिवस आला म्हणजे कोटींचे आकडे आपल्या कानांवर आदळूं लागतात. अमुक योजनेला इतके हजार कोटी, तमुक योजनेला तितके. आकडा जितका मोठा, तितका ऐकणारा अधिक मुकाट होतो. शंभर रुपयांची वस्तु महाग कीं स्वस्त हें कोणालाहि सांगतां येतें. पण दहा हजार कोटींची वस्तु महाग कीं स्वस्त हें ठरविण्याचें माप सामान्य माणसापाशीं नसतें. तें माप कोणतें असावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. नुसत्या तत्त्वांची चर्चा केली तर ती अधांतरींच राहील. म्हणून आपल्या चांगल्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. तें म्हणजे सातारा जिल्ह्यांतील कोयना प्रकल्प.

घरांत विहीर खणावयाची ठरते तेव्हां कर्ता पुरुष तीन गोष्टी पाहतो. हें काम दुसऱ्या कोणाकडून होणार आहे काय, कीं आपणच केलें पाहिजे? पाणी एका उन्हाळ्यापुरतें लागेल, कीं नातवंडांनाहि पुरेल? आणि खणण्यासाठीं ज्या भावाच्या वांट्याची जमीन जाणार, त्याची भरपाई कोण करणार? राष्ट्राच्या मोठ्या खर्चालाहि हेच तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिले दोन प्रश्न आपण आवडीनें विचारतों. तिसरा मात्र बहुधा मागें राहतो, आणि पुढें कित्येक वर्षें तोच छळतो.

प्रथम कोयनेची रचना समजून घेऊं. ही नदी महाबळेश्वरीं उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकपाशीं ती एकाएकीं पूर्वेकडे वळते व कऱ्हाडला कृष्णेस मिळते. ज्या ठिकाणीं ती वळते तेथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा तुटलेला आहे, आणि खालीं कोंकणांत चिपळूणकडे जाणारी वाशिष्ठी आहे. नदी पूर्वेला जाते, पण खरा उतार पश्चिमेला आहे. या एका भौगोलिक विसंगतींत कोयनेचें सारें सामर्थ्य सांठविलेलें आहे.

पाण्यापासून मिळणारी वीज दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते : पाणी किती आणि तें किती उंचीवरून पडतें. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी साडेचारशे मीटर उंचीवरून खालीं सोडलें, तर घर्षणांत व यंत्रांत जाणारा भाग वजा करून सुमारें एक युनिट वीज हातीं लागते. एक अब्ज घनफूट पाणी म्हणजे सुमारें २ कोटी ८३ लाख घनमीटर; तेव्हां इतक्या उंचीवर एक अब्ज घनफूट पाण्याचें मोल जवळजवळ तीन कोटी युनिटें होतें. तेंच पाणी सपाट मुलखांत दहा मीटर खालीं सोडलें तर त्याचा पंचेचाळिसावा हिस्साहि पदरांत पडणें कठिण. म्हणून योजना अशी ठरली कीं, धरण बांधून नदी अडवावी, डोंगराच्या पोटांतून बोगदा काढून पाणी पश्चिमेकडे न्यावें आणि पोफळी येथें जमिनीखालीं कोरलेल्या वीजगृहांत तें जनित्रांवर सोडावें.

आतां पहिला प्रश्न : हें काम दुसऱ्या कोणाकडून झालें असतें काय? याचें उत्तर इतिहासानेंच दिलेलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं टाटांच्या उद्योगसमूहानें कोयनेची पाहणी केली होती. त्यांना या कामाचा अनुभव नव्हता असें नाहीं. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं त्यांनींच चालूं केलें. परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक ओढाताणींत कोयना मागें पडली. यांत त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. खाजगी भांडवलाला कांहीं ठराविक वर्षांत व्याजासह परत यावें लागतें, आणि येथें तर पहिलें युनिट हातीं येण्यापूर्वीं आठदहा वर्षें नुसता खर्चच व्हावयाचा होता. शिवाय वीज आली म्हणजे कारखाने निघतात, शेतांवर पंप बसतात, मुलें रात्रीं दिव्याखालीं अभ्यास करतात. हा सर्व लाभ समाजाला होतो, पण त्याचें बिल कोणत्याहि कंपनीला आकारतां येत नाहीं. ज्या कामाचा लाभ उशिरां येतो आणि सर्वांत वांटला जातो, तें काम सार्वजनिक तिजोरीचेंच होय.

१९५४ सालीं काम सुरू झालें. त्या वेळच्या मुंबई राज्याला हा भार हलका नव्हता. पुढें जागतिक बँकेचें कर्जहि घ्यावें लागलें. सुमारें १०३ मीटर उंच आणि आठशें मीटरांहून अधिक लांब असें धरण उभें राहिलें, मागें शिवाजीसागर पसरला, आणि १९६२ सालीं पहिलें जनित्र फिरूं लागलें.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. कोयनेचें काम एकदां होऊन संपलें नाहीं. तें टप्प्याटप्प्यानें वाढत गेलें. पहिल्या दोन टप्प्यांतील पाणी खालीं कोळकेवाडीला पुन्हां अडवून तिसऱ्या टप्प्यांत तेंच पाणी दुसऱ्यांदां कामाला लावलें. चौथ्या टप्प्यासाठीं भरलेल्या जलाशयाला नवें तोंड पाडावयाचें होतें. त्यासाठीं जलाशय रिकामा करणें परवडणारें नव्हतें. तेव्हां नॉर्वेमध्यें रूढ असलेली रीत स्वीकारली गेली. बोगदा तळ्याच्या बुडाखालपर्यंत खोदत नेला, मध्यें खडकाचा एक पडदा ठेवला आणि १३ मार्च १९९९ रोजीं सुरुंगानें तो पडदा उडविला. पाणी आपण होऊन बोगद्यांत शिरलें. २०१२ सालीं हाच प्रयोग पुन्हां करण्यांत आला. आज सर्व टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. या विजेचा आणखी एक गुण असा कीं, ती मागणी येतांच कांहीं मिनिटांत मिळते. कोळशाचें वीजगृह तापण्यास बराच वेळ लागतो. उलट सायंकाळीं घरोघर दिवे लागतांना पाण्याची झडप उघडली कीं काम झालें. साठांहून अधिक वर्षें ही सेवा चालूं आहे. आजोबांनीं लावलेल्या आंब्याला नातवांच्या वेळींहि मोहोर येत आहे, असें येथें म्हणतां येईल.

परंतु, श्रोतेहो, जमेची बाजू वाचून वही मिटणें हें हिशेबनिसाचें काम नव्हे. आतां खर्चाची बाजू पाहूं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर भूकंपानें हादरला. सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं, कोयनानगरांत घरें कोसळलीं आणि धरणालाहि तडे गेले. दख्खनचा पाषाणमय प्रदेश भूकंपापासून सुरक्षित आहे, ही तोंवरची समजूत त्या पहाटे ढांसळली. जलाशयाचें ओझें आणि खडकांच्या भेगांत शिरणारें पाणी यांमुळें आधींच ताण असलेल्या ठिकाणीं भूकंपाला चालना मिळते, या विषयाच्या अभ्यासांत कोयना हें जगांतील प्रमुख उदाहरण ठरलें. धरणाचें मजबुतीकरण करावें लागलें. पुढें कऱ्हाडला संशोधनासाठीं प्रयोगशाळा उभी राहिली, आणि भूगर्भांत तीन किलोमीटर खोल विंधन घेण्यांत आलें. यांतील धडा असा : मोठ्या कामाचा खर्च उद्घाटनाच्या दिवशीं संपत नाहीं. देखभाल, निरीक्षण आणि जें आज दिसत नाहीं त्याच्या शोधासाठीं राखून ठेवलेला निधि हे मूळ खर्चाचेच भाग मानावे लागतात.

दुसरा खर्च पाण्याचाच आहे. जें पाणी पश्चिमेला उतरतें, तें कृष्णेच्या खोऱ्याला मुकतें. आणि त्याच खोऱ्यांत पूर्वेकडे माण, खटाव, सांगोला, जत असे तहानलेले तालुके आहेत. कृष्णा पाणीतंटा लवादानें कोयनेचें पश्चिमेकडे वळवावयाचें पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांवर मर्यादित केलें. जलाशयांतील सुमारें १०५ अब्ज घनफूट सांठ्यापैकीं कांहीं पाणी पूर्वेकडे सोडलें जातें, आणि तेंच टेंभू, ताकारी यांसारख्या उपसा योजनांना उपयोगी पडतें. म्हणजे एका थेंबाला दोन धनी आहेत, एक वीज मागणारा आणि एक पीक मागणारा. ज्या वर्षीं पाऊस रुसतो त्या वर्षीं या दोघांत कोणाचें ऐकावें, हा प्रश्न कोणतेंहि गणित कायमचा सोडवूं शकत नाहीं.

तिसरा आणि सर्वांत जड खर्च माणसांचा. शिवाजीसागराच्या तळाशीं गांवें आहेत. तेथें भाताचीं खाचरें होतीं, देवळें होतीं, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार होते. त्या काळीं १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें जमिनीची किंमत मिळे. पण उठलेल्या माणसानें पुढें कोठें व कसें जगावें, याचा विचार त्या कायद्यांत नव्हता. कांहीं कुटुंबें वर डोंगरउतारावर सरकलीं; कांहीं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणें अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरलीं. भाताच्या चिखलांत वाढलेल्या माणसाला कोरड्या माळावर नेऊन सोडलें म्हणजे त्याची केवळ जमीन बदलत नाहीं. त्याला येत असलेली सारी विद्याच निरुपयोगी होते. अर्धशतकानंतरहि कोयनेचे धरणग्रस्त पर्यायी जमिनीसाठीं व मूलभूत सोयींसाठीं आंदोलन करीत होते.

ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असें म्हणावें, तर तेंहि खरें नाहीं. १९२१ सालींच मुळशीच्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या साथीनें धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. तो यशस्वी झाला नाहीं, धरण झालें; पण “आमच्या भूमीवर तुमचा दिवा लागणार, तर आमच्या चुलीचें काय?” असा त्या लढ्याचा आशय होता. कोयनेच्या वेळीं तो प्रश्न तीस वर्षांचा जुना झालेला होता. महाराष्ट्रानें प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ सालीं, आणि पुनर्वसनाचा समावेश असलेला केंद्राचा भूमिसंपादन कायदा झाला २०१३ सालीं. म्हणजे कोयनेचीं गांवें आधीं उठलीं, आणि कायदा मागाहून आला.

हा क्रम अटळ होता काय? यासाठीं परदेशांतील एक उदाहरण पाहूं. नेदरलँड्सच्या पोटांत झुइडरझे नांवाचा समुद्र शिरलेला होता. १९१६ सालच्या पुरानंतर तो बांधानें बंद करण्याचा कायदा १९१८ सालीं झाला, आणि ३२ किलोमीटर लांबीचा बांध १९३२ सालीं पुरा होऊन खाऱ्या समुद्राचें गोडें तळें झालें. त्या समुद्रावर पोट भरणाऱ्या कोळ्यांचा धंदा त्यामुळें बुडणार हें उघड होतें. त्यांच्या साह्याचा स्वतंत्र कायदा तेथें १९२५ सालीं, म्हणजे बांध पुरा होण्याच्या सात वर्षें आधींच, करण्यांत आला. ती मदत फार उदार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु हानि सोसणारा माणूस बांधाआधीं हिशेबाच्या वहींत आला, ही गोष्ट लहान नव्हे.

मग कोयना बांधली हें चुकलें काय? माझें मत तसें नाहीं. हें काम करण्याजोगें होतें, सार्वजनिक पैशानेंच होण्याजोगें होतें, आणि त्यानें महाराष्ट्राला उभें केलें. चूक झाली ती त्याची किंमत कमी लिहिण्यांत. धरणग्रस्तांच्या नांवें जी रक्कम वहींत लिहिली गेली नाहीं, ती वांचली असें नव्हे. ती त्यांच्या घरांतून, त्यांच्या मुलांच्या आयुष्यांतून वसूल झाली. सर्वांना मिळणाऱ्या उजेडाचें बिल थोड्यांनीं भरलें, आणि तेंहि त्यांना न विचारतां.

हा प्रश्न जुना झाला असें समजूं नका. सूर्यापासून मिळणारी वीज दुपारीं भरपूर असते व सायंकाळीं मावळते. म्हणून दुपारच्या विजेनें पाणी वरच्या तलावांत चढवावें आणि सायंकाळीं खालीं सोडून वीज परत घ्यावी, अशा योजना आतां आंखल्या जात आहेत. घाटघर येथें २५० मेगावॉटचें असें वीजगृह २००८ सालींच चालूं झालें. आणि २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा योजनांसाठीं धोरणहि जाहीर केलें. त्यांना उंची लागते, आणि उंची सह्याद्रीपाशीं आहे. म्हणजे पुन्हां तोच डोंगर, तेंच पाणी, आणि कित्येक ठिकाणीं तशींच वाड्यावस्त्यांचीं माणसें.

तेव्हां यापुढें मोठ्या योजनेचा आकडा कानीं पडला म्हणजे दिपून जाऊं नये, आणि केवळ मोठा आहे म्हणून त्याला भिऊंहि नये. हें काम आपणच करावयाचें आहे काय, तें नातवंडांपर्यंत टिकेल काय, हें जरूर विचारावें. पण त्यांबरोबरच, ज्याची विहिरीखालीं जमीन जाते त्या भावाचें नांव वहीच्या पहिल्या पानावर आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. तें नसेल तर आकडा कितीहि मोठा असो, तो अपुराच आहे असें समजावें.