रेकॉर्ड खरखरतेय? स्पीकर बदलण्याआधी पिन बदला, नाहीतर रेकॉर्डच कायमची जाईल

रील्सवर हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. खिडकीबाहेर पाऊस, हातात चहाचा कप, समोर फिरणारी काळी रेकॉर्ड आणि गाण्यामागे येणारी मंद खरखर. खाली कमेंट असते, "ही खरखर हीच तर खरी मजा!"

पण ती खरखर रेकॉर्डमध्ये कुणी भरलेली नसते. स्वच्छ, न झिजलेली रेकॉर्ड चांगल्या पिनवर वाजवली तर बऱ्यापैकी शांत वाजते. खरखर येते ती धुळीमुळे, ओरखड्यांमुळे आणि झिजलेल्या पिनमुळे. धूळ आणि ओरखडे डोळ्यांना दिसतात. पिनची झीज दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

म्हणून आज समजून घेऊया की ही पिन नेमकं काय करते, ती कधी बदलायची आणि बदलताना कुठली घ्यायची.

पिन म्हणजे नेमकं काय?

आपण जिला पिन किंवा सुई म्हणतो तिचं कंपन्यांच्या भाषेतलं नाव स्टायलस. एका बारीक दांडीच्या टोकाला हिऱ्याचा अगदी छोटा तुकडा बसवलेला असतो. ही दांडी कार्ट्रिज नावाच्या डबीत शिरते आणि ती डबी टोनआर्मच्या, म्हणजे रेकॉर्डवर ठेवतो त्या हाताच्या, टोकाला असते.

रेकॉर्डवरच्या रेघा म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची एक लांबलचक खाच. तिच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या स्पीकरचा आवाज नागमोडी वळणांच्या रूपात कोरलेला असतो. हिऱ्याचं टोक त्या वळणांतून जाताना थरथरतं, दांडीच्या मागचं चुंबक हलतं आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात काही मिलिव्होल्टची वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकर ऐकवतो.

आता यातली गोम बघा. रेकॉर्डला स्पर्श करणारी वस्तू फक्त पिन आहे. पिनने जे वाचलंच नाही, ते पुढचा कितीही महागडा अ‍ॅम्प्लिफायर परत आणू शकत नाही. त्यामुळे चांगल्या आवाजासाठी पैसे घालायचे असतील तर पहिला नंबर पिनचा.

हिरा असूनही झिजते?

हो, झिजते. टोक फक्त दीड-दोन ग्रॅमच्या भाराने टेकलेलं असतं, पण टेकणारी जागा इतकी सूक्ष्म असते की तिथला दाब प्रचंड होतो. त्यात खाचेतली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते. हळूहळू टोकाचा गोलवा जाऊन दोन्ही बाजूंना सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या कडा धारदार होतात. मग पिन खाचेतून फिरत नाही, सुताराच्या पटाशीसारखी भिंत तासत जाते. आधी जातात ती सगळ्यात बारीक वळणं, म्हणजे वरच्या पट्टीतले सूर, झांजेची झणझण, 'स' आणि 'श'ची धार. एकदा तासलं गेलेलं परत येत नाही. पिन नवी मिळते, पण घरातली ती रेकॉर्ड दुकानात नवी मिळेलच असं नाही.

ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी आपल्या पिनांचं आयुष्य साधारण असं सांगते:

- गोल टोक: ५०० तास
- लंबगोल टोक: ३०० तास
- शिबाता टोक: ८०० तास
- मायक्रोलिनिअर टोक: १,००० तास

एका एलपीच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं धरली, तर ३०० तास म्हणजे ४५० एलपी. रोज एक ऐकली तर साधारण सव्वा वर्ष.

माळ्यावरून काढलेला किंवा जुन्या बाजारात घेतलेला टर्नटेबल असेल तर हिशोबच करू नका. त्याची पिन किती चालली आहे हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय दांडीला धरून ठेवणारं रबर न वापरताही वर्षानुवर्षांत कडक होतं. चांगली रेकॉर्ड लावण्याआधी नवी पिन घाला.

कान काय सांगतात?

ओळखीचं गाणं लावा आणि 'स', 'श', 'च' ऐका. ते थुंकल्यासारखे फिसफिसत असतील, वरच्या पट्टीत आवाज फाटत असेल, तर पिनवर संशय घ्या.

दुसरी खूण म्हणजे बाजूचं शेवटचं गाणं. एलपी एका मिनिटात ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला एका सेकंदात सुमारे ५१ सेंटीमीटर खाच पिनखालून जाते, तर लेबलजवळ जेमतेम २१ सेंटीमीटर. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेलं असतं. त्यामुळे खराब पिनचा त्रास शेवटच्या गाण्यात आधी जाणवतो. नव्या पण साध्या पिनवरही तिथे थोडा फरक पडतोच. इथेच टोकाच्या आकाराचा प्रश्न येतो.

गोल, लंबगोल की आणखी बारीक?

घाटरस्ता डोळ्यांसमोर आणा. मोठी ट्रॅव्हल्सची बस प्रत्येक वळणाच्या कोपऱ्यात शिरू शकत नाही, दुचाकी मात्र रस्त्याच्या कडेकडेने सहज जाते. पिनचंही तसंच आहे.

गोल टोक बॉलपेनच्या टोकासारखं असतं. स्वस्त, दणकट आणि थोडं वाकडंतिकडं बसलं तरी सांभाळून घेणारं. पण बारीक वळणं त्याच्याकडून सुटतात.

लंबगोल टोक बाजूंनी निमुळतं असतं, त्यामुळे वरचे सूर जास्त स्पष्ट येतात. बहुतेकांसाठी पहिली सुधारणा हीच.

शिबाता आणि मायक्रोलिनिअर ही त्याहून बारीक टोकं. शिबाता टोक १९७० च्या दशकात जेव्हीसी कंपनीचे नोरिओ शिबाता यांनी चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी तयार केलं. त्या रेकॉर्डमध्ये माणसाला ऐकूच न येणाऱ्या वरच्या कंपनांत जादा चॅनेलची माहिती भरलेली असायची आणि साध्या पिनला ती वाचता येत नव्हती. चार चॅनेलची फॅशन गेली, पिन मात्र राहिली. अशी टोकं भिंतीला उभ्या बारीक रेषेत टेकतात, त्यामुळे दाब विभागला जातो. म्हणूनच वरच्या यादीत त्यांचं आयुष्य जास्त आहे. अट एकच, कार्ट्रिज अगदी सरळ बसलेलं हवं.

आपल्या टर्नटेबलला बसेल का?

आधी कार्ट्रिजवरचं मॉडेलचं नाव वाचा. ते मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं असेल तर नुसती पिन ओढून बदलता येते. मूव्हिंग कॉइल प्रकारात बहुतेक वेळा घरी पिन बदलता येत नाही.

गंमत म्हणजे अनेक कंपन्या एकाच डबीसाठी वेगवेगळ्या पिना देतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत गोल टोकापासून शिबातापर्यंतच्या पिना एकाच डबीत बसतात. ऑर्टोफॉनच्या २एम रेडवर २एम ब्लूची पिन चढते. म्हणजे टर्नटेबल तोच, डबी तीच, फक्त पिन वरच्या दर्जाची.

सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये मात्र सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि त्याचा भार बराच जास्त असतो. तिथे नीलमण्याची पिन असेल तर हिऱ्याची घाला, ती जास्त टिकते. पण त्यापलीकडे खर्च करण्यात अर्थ नाही. ते पैसे चांगल्या टर्नटेबलसाठी साठवा.

बदलताना काय करायचं?

१. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा.
२. पिनचा प्लास्टिकचा भाग धरून ओढा. दांडीला बोट लावू नका, ती वाकली की संपलं.
३. नवी पिन 'टक' आवाज येईपर्यंत बसवा.
४. मागचं वजन फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असा करा. तिथे आकड्याची चकती शून्यावर आणा आणि मग कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर न्या. व्हीएम९५ च्या एलपीच्या पिनांसाठी तो २ ग्रॅम आहे, २एम ब्लूसाठी १.८ ग्रॅम.
५. अँटी-स्केटिंगचं बटण असेल तर सुरुवातीला तोच आकडा ठेवा.

"भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल" असं अनेकांना वाटतं. उलट होतं. भार कमी पडला की पिन खाचेत टिकत नाही, उड्या मारते आणि भिंतींवर आपटते.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्या

महाराष्ट्रात अनेक घरांत एलपीबरोबर ७८ च्या तबकड्याही निघतात, नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या. भारतात त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्या लाखेपासून बनवलेल्या असतात आणि त्यांची खाच एलपीपेक्षा खूप रुंद असते. त्यांच्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी पिन लागते, तर एलपीची पिन १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एलपीची पिन ७८ च्या खाचेच्या तळाशी घरंगळते आणि नुसता गोंगाट वाचते. ७८ ची पिन एलपीवर लावली तर एलपीचं नुकसान होतं. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये पिन उलटी करायचा छोटा खटका असायचा, तो यासाठीच.

आणि रील्समधल्या पितळी भोंग्याच्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो आणि पिन पोलादी. एकदा वाजवली की एलपी गेलीच समजा.

सफाईतही हा फरक लक्षात ठेवा. विनाईलसाठी मिळणाऱ्या काही द्रावणांत अल्कोहोल असतं. ते लाखेच्या तबकडीला लागलं तर लाख विरघळते.

पिन बदलून काय सुधारणार नाही?

खोल ओरखडे, वाकलेली रेकॉर्ड, स्पीकरमधून येणारी 'हूं' अशी घरघर, हे पिनचं काम नाही. आधीच तासल्या गेलेल्या भिंतीही परत येत नाहीत. बारीक टोकाची पिन कधी कधी भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते आणि जुनी रेकॉर्ड थोडी बरी वाजते, पण त्यावर विसंबू नका.

रोजचं काम साधं आहे. रेकॉर्ड लावण्याआधी ब्रशने धूळ काढा. पिन मागून पुढे, म्हणजे डबीकडून आपल्याकडे, हलक्या ब्रशने साफ करा. नवी पिन बसवली त्या दिवसाची तारीख टर्नटेबलखाली चिठ्ठीवर लिहून ठेवा. तास भरत आले की नवी घ्या, कारण पिन बदलता येते, तिने तासलेली रेकॉर्ड नाही.