अन्ननलिकेचा कर्करोग आणि शस्त्रक्रिया

गडचिरोलीच्या अरण्यमय मुलुखांत भात हें मुख्य अन्न आहे. एखाद्या प्रौढ मनुष्यास कोरडा भात घशाखालीं उतरेनासा झाला कीं तो पातळ पेजेवर भागवूं लागतो. कालांतरानें पेजही अडते, आणि तेव्हां कोठें दवाखान्याची आठवण होते. मधल्या महिन्यांत अन्ननलिकेंतील कर्करोगास वाढावयास पुरेसा अवधि मिळालेला असतो.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी. श्वासनलिका व हृदय यांच्या मागें, पाठीच्या कण्यालगत तिचें स्थान. तिच्यापर्यंत पोंचण्यासाठीं छाती उघडावी, तर फुप्फुस आकसून रोगी गुदमरे. श्वासनलिकेंत नळी घालून दाबानें हवा पुरविण्याची युक्ति साधली, तेव्हां हा अडसर दूर झाला.

१९१३ सालीं न्यूयॉर्क येथें फ्रान्झ टोरेक यांनीं एका वृद्ध स्त्रीच्या छातींतील रोगग्रस्त नलिका काढली. मान आणि जठर यांना सांधणारी रबरी नळी त्यांनीं शरीराबाहेरून बसविली. तिच्याच आधारें जेवीत ती स्त्री बारा वर्षांहून अधिक काळ जगली! १९४६ सालीं आयव्हर लुईस यांनीं पोट व उजवी छाती या दोन मार्गांनीं नलिका काढून, जठरच वर ओढून जोडण्याची रीत मांडली. ती आजही प्रचारांत आहे. १९९० नंतर लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्यानें हेंच काम होऊं लागलें व फुप्फुसांचे उपद्रव कमी झाले.

केवळ शस्त्रावर मात्र भिस्त उरली नाहीं. नेदर्लंड्समधील प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वीं औषधें व किरणोपचार दिल्यास, निम्मे रोगी जितका काळ जगत तो २४ महिन्यांवरून सुमारें ४९ महिन्यांवर गेला.

असे उपचार मुंबईच्या, १९४१ सालीं स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत होतात. परंतु रोग दूरवर पसरल्यावर कुशल शल्यवैद्याचाही हात तेथें चालत नाहीं. मग गिळणें सुसह्य करणें एवढेंच शक्य असतें.

तंबाखू व मद्य हीं या रोगाचीं ठळक कारणें. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा या जिल्ह्यांत घरोघर पोंचला आहे. त्याविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हें अभियान उभें राहिलें. व्यसन टाळावेंच, आणि घास पुन:पुन्हां अडूं लागतांच, पेजेवर निभावून न नेतां, दुर्बिणीनें अन्ननलिका तपासून घ्यावी.